दम्याची लाज कां धरावी?

जी वस्तु मनुष्यास मोलावांचून व सायासावांचून मिळते, तिची किंमत तो सहसा ओळखीत नाहीं. श्वास ही तशांतलीच एक होय. निरोगी मनुष्य मिनिटास पंधरा वेळां श्वास घेतो असें धरिलें, तर एका अहोरात्रांत २१,६०० श्वास होतात. आणि त्यांपैकीं एकाचीही आठवण त्यास रात्रीं निजतांना राहत नाहीं. परंतु आपल्याच वर्गांत बहुधा असा एखादा सोबती असतो, कीं ज्यास कित्येक रात्रीं यांतला एकेक श्वास कष्टानें मिळवावा लागतो. पाठीशीं उशा रचून, गुडघ्यांवर कोपरें टेंकून तो उजाडण्याची वाट पाहतो; आणि सकाळीं शाळेंत, “कालचा अभ्यास कां झाला नाहीं?” या प्रश्नापुढें खालीं मान घालून उभा राहतो. खरें कारण तो सांगत नाहीं. तें कां सांगत नाहीं, आणि तें मोकळेपणानें सांगतां येईल अशी स्थिति आपण घरीं व शाळेंत कां आणूं नये, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दमा हा कांहीं आजचा रोग नव्हे. चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार वर्णिले असून, त्यांतील ‘तमकश्वास’ आजच्या दम्याशीं पुष्कळ जुळतो. अभ्र, पाऊस, गारठा यांनीं हा विकार वाढतो, आणि रोग्यास निजण्यापेक्षां उठून बसल्यानें बरें वाटतें, हें त्या ग्रंथांत नमूद आहे. पश्चिमेकडील ‘अस्थमा’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ धापा टाकणें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें २६ कोटि २० लक्ष लोकांस दमा होता, आणि त्या एका वर्षांत सुमारें ४ लक्ष ५५ हजार माणसें त्यानें दगावलीं. त्या मृत्यूंत आपल्या देशाचा वांटा फार मोठा आहे. ही गोष्ट आम्हांस विशेष खेदाची वाटते. कारण योग्य औषध वेळेवर व नेमानें मिळतें तर त्यांतील बहुतेक मृत्यु टळते.

या रोगाचें स्वरूप समजून घेणें कठीण नाहीं. आपल्या छातींत श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणें विभागत विभागत अति बारीक होत जातात. दमेकऱ्याच्या नलिकांचें आंतलें अस्तर नेहमींच थोडेंबहुत सुजलेलें व चिडखोर असतें. धूळ, धूर, थंड वारा किंवा साधें पडसें, असें कांहीं निमित्त घडलें, कीं तीन गोष्टी एकदम होतात: नलिकांभोंवतालचे स्नायु आवळतात, अस्तराची सूज वाढते आणि चिकट कफ सुटून उरलेली वाटही बुजवूं लागतो. हवा आंत घेण्यापेक्षां बाहेर टाकणें अधिक जड जातें, आणि अरुंद वाटेनें निघतांना तिचा शिटीसारखा आवाज होतो. कांहीं मुलांत हा आवाज येतही नाहीं. केवळ पहांटेचा कोरडा खोकला, किंवा धांवल्यावर सुटणारी ढांस, एवढेंच दम्याचें चिन्ह असतें. हा रोग संसर्गजन्य नाहीं. तो उष्ट्यानें, स्पर्शानें किंवा एका बांकावर बसल्यानें कोणास जडत नाहीं. तो मनाचा दुबळेपणा नव्हे, पूर्वजांचें पाप नव्हे आणि शाळा चुकविण्याचें ढोंग तर नव्हेच नव्हे.

वरील वर्णनांतील एक गोष्ट आमच्या वाचकांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. झटका ओसरला तरी आंतली सूज ओसरलेली नसते. राखेखालीं विस्तव असावा तशी ती राहते, आणि पुढच्या निमित्ताची वाट पाहते. दम्याविषयींच्या आपल्या बहुतेक चुका ही एक गोष्ट न उमगल्यामुळें होतात.

दम्याचीं औषधें मुख्यतः दोन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार तात्काळ आराम देणाऱ्या औषधांचा. १९६९ सालीं प्रचारांत आलेलें साल्ब्युटामॉल हें त्यांतलें सर्वांस ठाऊक असलेलें. तें आवळलेले स्नायु कांहीं मिनिटांत सैल करितें, परंतु सूज उतरवीत नाहीं. दुसरा प्रकार सूज आटोक्यांत ठेवणाऱ्या औषधांचा. हीं श्वासावाटे घ्यावयाचीं स्टेरॉइड जातीचीं औषधें १९७२ पासून मिळूं लागलीं. यांचा गुण तात्काळ दिसत नाहीं. तीं रोज, बरें वाटत असतांनाही, घ्यावीं लागतात, तेव्हां कोठें कांहीं आठवड्यांनीं नलिका शांत होतात. पहिलें औषध आगीवर पाणी ओततें; दुसरें आग लागूंच देत नाहीं. आतां घरोघरीं होतें काय? ज्याचा गुण लगेच दिसतो तें औषध लोकांस खरें वाटतें, आणि ज्याचा गुण दिसत नाहीं तें पैसे वांचविण्यासाठीं प्रथम बंद होतें. याचा परिणाम इतिहासांत नमूद आहे. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडादि देशांत जालीम मात्रेचे तात्काळ आराम देणारे पंप सर्रास वापरांत आले, आणि त्याच काळांत तरुण दमेकऱ्यांचे मृत्यु वाढले. १९९३ सालीं स्थापन झालेल्या दमाविषयक जागतिक तज्ज्ञमंडळानें २०१९ सालापासून स्पष्ट सांगितलें आहे, कीं बारा वर्षांवरील रोग्यास केवळ तात्काळ आरामाच्या औषधावर ठेवूं नये. सूज उतरविणारें औषध त्यास मिळालेंच पाहिजे. कित्येक रोग्यांस हल्लीं दोन्ही कामें करणारा एकच पंप देतात. कोणास कोणता द्यावा हें ठरविणें वैद्यांचें काम आहे. दिलेला नेमानें घेणें हें आपलें.

‘पंप’ या शब्दाचें आपल्याकडे मोठें भय आहे, म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगणें अवश्य वाटतें. एके काळीं दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा उपाय मद्रासेहून इंग्लंडांत गेला, आणि पुढें दीर्घकाळ तेथें धोतऱ्याच्या विड्या औषध म्हणून विकल्या जात. ज्या छातीस धूर सोसत नाहीं तिला धूरच पाजावयाचा, आणि तोही विषारी वनस्पतीचा, असा तो प्रकार होता. त्यानंतर कांचेच्या नाजूक फवारण्या आल्या; त्या हातानें दाबाव्या लागत व सहज फुटत. १९५५ सालीं अमेरिकेंतील रायकर औषधकारखान्याचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांस त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी कन्येनें विचारिलें, कीं केंसांवर मारावयाच्या फवाऱ्याच्या डब्यासारखें माझें औषध कां मिळूं नये? मुलीचा प्रश्न बापानें हंसण्यावारी नेला नाहीं. १९५६ सालीं मोजक्या मात्रेचा पहिला पंप बाजारांत आला. आमच्या विद्यार्थिनींनीं ही हकीकत अवश्य लक्षांत ठेवावी. कोट्यवधि रोग्यांच्या खिशांत असलेली ही वस्तु तुमच्या वयाच्या एका मुलीच्या साध्या प्रश्नांतून निर्माण झाली आहे. आणि जी वस्तु एका मुलीनें मागून घेतली, ती दुसऱ्या मुलीनें दप्तरांत लपवून ठेवावी, हें आम्हांस मोठें विपरीत वाटतें.

पंप ‘कडक’ असतो, गोळी ‘सौम्य’ असते, ही समजूत तर गणितानेंच खोडून काढतां येते. एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यांत १०० मायक्रोग्रॅम औषध असतें. त्याच औषधाची मोठी गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकी असते. स्टेरॉइडाची १० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर ती सर्व शरीरांत फिरते. २०० मायक्रोग्रॅमचा फवारा तिचा पन्नासावा हिस्सा असून तो श्वासावाटे थेट नलिकांकडे जातो. मग सौम्य कोणतें आणि कडक कोणतें, हें सहावीच्या विद्यार्थ्यानेंही सांगावें. ‘पंपाची सवय लागते’ हा आक्षेपही असाच. चष्मा लावणाऱ्यास चष्म्याची सवय लागते म्हणून आपण त्यास आंधळेपणानें चालावयास सांगत नाहीं. औषधाची गरज असणें निराळें आणि व्यसन असणें निराळें. तथापि सत्य लपवूं नये, म्हणून हेंही सांगतों, कीं श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडानें वाढत्या मुलाच्या उंचींत सुमारें एक सेंटिमीटरची घट होऊं शकते, आणि तोंड न धुतल्यास घशांत बुरशी धरते. दुसऱ्यावर उपाय चूळ भरण्याइतका सोपा आहे. आणि पहिल्याविषयीं म्हणावयाचें तर, आटोक्यांत न ठेविलेला दमाही मुलाची वाढ खुंटवितो, आणि तो एका सेंटिमीटरवर थांबेलच अशी हमी कोण देईल?

पंपाचा अव्हेर करून आपण जातों कोठें, हेंही पाहण्यासारखें आहे. मृगाच्या सुमारास हैदराबादेस जिवंत मासा औषधासह गिळण्यास हजारों लोक जमतात. कोजागरीच्या रात्रीं खिरींतून दम्याचें औषध वांटण्याचा प्रघातही ठिकठिकाणीं आहे. या लोकांच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं; रात्र रात्र जागलेली माता कोणतें दार ठोठावणार नाहीं? परंतु अशा उपायांनीं दमा बरा होतो असें कसोटीस लावून सिद्ध झालेलें नाहीं, आणि तेवढ्यावर विसंबून नित्याचें औषध सोडणें जिवावर बेतूं शकतें. निनांवी पुड्यांची गोष्ट याहून वाईट. अशा कित्येक चूर्णांत स्टेरॉइडच मिसळलेलें आढळलें आहे. म्हणजे जो पिता मायक्रोग्रॅमच्या भयानें पंप नाकारतो, तोच न मोजलेलें स्टेरॉइड मधांतून मुलास चाटवितो!

याहून नाजूक अशी एक गोष्ट बोलणें आम्हांस भाग आहे. मुलाचा दमा लोकांस कळला तर आईबाप दुःखी होतात. मुलीचा कळला तर ते घाबरतात. “उद्यां स्थळें येतील तेव्हां काय सांगावें?” या एका चिंतेपायीं कित्येक घरीं मुलीचा पंप कपाटांत कुलुपांत राहतो, आणि पाहुणे बसले असतां ती स्वयंपाकघरांत खोकला दाबीत उभी राहते. चूल किंवा फोडणीचा धूरही तेथेंच. आम्ही पालकांस नम्रपणें विचारितों, कीं जें घर औषध घेणारी सून पत्करीत नाहीं, तें घर औषध लपवून आजारी पडलेली सून सांभाळील काय? रोग लपविल्यानें नाहींसा होत नाहीं. नाहींसा होतो तो केवळ त्याचा उपाय.

आतां घराकडे पाहूं. दम्यास चेतविणारीं निमित्तें सर्वांचीं सारखीं नसतात; तीं ज्याचीं त्यानें शोधावीं. कोंकणांत व मुंबईस पावसाळ्यांत भिंतींस ओल येते, बुरशी धरते. गाद्या-गोधड्यांत डोळ्यांस न दिसणारे किडे वाढतात. देशावर मळणीची धूळ; शहरांत बांधकामाची धूळ व गाड्यांचा धूर. १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम आढळलेलें गाजरगवत आतां देशभर पसरलें आहे, आणि त्याचे पराग पुष्कळांच्या नाकास व छातीस सोसत नाहींत. झुरळें, चुलीचा धूर, विडी-सिगारेट, उदबत्ती व धूप, डांसांसाठीं जाळावयाच्या वड्या, दिवाळींतील फटाके हीं नेहमींचीं निमित्तें. यांवरचे उपाय बहुतेक फुकटचे आहेत: कोरड्या केरसुणीऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावें, केर काढतांना मुलास बाहेर न्यावें, चादरी-अभ्रे आठवड्यास कढत पाण्यांत धुवावे, अंथरुणें कडक उन्हांत टाकावीं, खिडक्या उघड्या ठेवाव्या. आणि जो पिता मुलाच्या औषधास शेंकडों रुपये मोजतो त्यानें त्याच्या शेजारीं बसून विडी ओढूं नये, एवढें तरी करावें; कारण हा उपाय पैसे वांचवून होतो.

औषध घेण्याची रीतही शिकून घेतली पाहिजे. पुष्कळांचें औषध जिभेवरच राहतें. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंडांत धरून ओठ मिटावे, फवारा दाबीत हळूहळू खोल श्वास घ्यावा, दहा अंक मोजीपर्यंत रोखावा, मग सोडावा. लहान मुलांनीं, आणि शक्य तर मोठ्यांनींही, स्पेसर नांवाचें नळकांडें लावावें. त्यानें औषध फुकट जात नाहीं. पुडीच्या यंत्रांत मात्र हळू ओढून चालत नाहीं. तेथें जोरानें व खोल ओढावें लागतें. रोग आटोक्यांत आहे कीं नाहीं हें पाहण्यास आईबापांनीं दर महिन्यास चार प्रश्न विचारावे. गेल्या चार आठवड्यांत मुलास दिवसा आठवड्यांतून दोनदांपेक्षां अधिक वेळां दम लागला काय? दम्यानें त्याची झोंप एकदां तरी मोडली काय? तात्काळ आरामाचा पंप आठवड्यांतून दोनदांपेक्षां अधिक लागला काय? दम्यामुळें त्यानें एखादा खेळ वा काम सोडलें काय? चारही उत्तरें ‘नाहीं’ अशीं आलीं तर उत्तम. एकही ‘होय’ आलें तर वैद्यांकडे जावें. झटक्याची वाट पाहूं नये.

“दमेकरी मूल, त्यास खेळूं कसें द्यावें?” असें पुष्कळ पालक चिठ्ठी लिहून कळवितात. आमचें मत याच्या उलट आहे. मुलास आजन्म सावलींत बसविणें हा उपचार नव्हे. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ हिला चौदाव्या वर्षीं दमा असल्याचें कळलें. तिनेंच २००३ सालीं लंडन येथें मॅरेथॉन शर्यत २ तास १५ मिनिटें २५ सेकंदांत धांवून जो विक्रम केला, तो सोळा वर्षें कोणा स्त्रीस मोडतां आला नाहीं. अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी हीही दमेकरी; ऑलिंपिकांत तिनें तीन सुवर्णपदकें मिळविलीं. प्रत्येकानें विक्रम करावा असें आम्ही म्हणत नाहीं. हळूहळू अंग तापवून खेळास लागावें, वैद्यांनीं सांगितलें असल्यास आधीं औषध घ्यावें, दम लागतांच थांबावें, आणि बरें वाटल्यावर पुन्हां खेळावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. जो मुलगा धांवल्यावर रोज धापा टाकतो त्यास खेळांतून काढूं नये. त्याचें औषध तपासून घ्यावें.

शाळेचेंही कर्तव्य आहे. आमच्या मतें दमेकरी विद्यार्थ्याचा पंप कार्यालयाच्या कपाटांत नसावा, तो त्याच्या खिशांत किंवा दप्तरांत असावा; कारण झटका किल्ली शोधीपर्यंत थांबत नाहीं. पालकांनीं वर्षारंभीं वर्गशिक्षकांस रोगाची माहिती व वैद्यांनीं लिहून दिलेली योजना द्यावी. मुलें बसलीं असतां वर्ग झाडूं नये. फळा ओल्या फडक्यानें पुसावा. आणि प्रत्येक शिक्षकास व वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यास पुढील गोष्टी पाठ असाव्या. झटका आलेल्यास ताठ बसवावें, निजवूं नये. भोंवतीं गर्दी करूं नये. तात्काळ आरामाच्या पंपाचे चार फवारे, शक्य तर स्पेसरमधून, एकेक करून द्यावे, प्रत्येक फवाऱ्यास चार श्वास. चार मिनिटें थांबावें. उतार न पडल्यास पुन्हां चार द्यावे. तरीही उतार नसेल, किंवा वाक्य पुरें बोलवत नसेल, बरगड्यांमधील कातडी आंत ओढली जात असेल, ओंठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न करितां रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर ती मिळते. ती येईपर्यंत फवारे चालूच ठेवावे.

शेवटीं विद्यार्थिमित्रांनो, दोन शब्द तुम्हांस. ज्यांस दमा नाहीं त्यांनीं सोबत्याच्या खोकल्याची नक्कल करूं नये, आणि त्यानें पंप काढिला तर टक लावून पाहूं नये. चष्मा पुसणाऱ्याकडे आपण जितकें पाहतों तितकेंच पाहावें. ज्यांस दमा आहे त्यांनीं एवढें जाणावें, कीं लहानपणचा दमा पुष्कळांचा वयांत येतांना ओसरतो, कांहींचा पुढें परततो, कांहींचा जन्मभर राहतो; परंतु तिन्ही स्थितींत तो आटोक्यांत ठेवितां येतो. दांत घासण्यास कोणी शौर्य म्हणत नाहीं, आणि लाजही मानीत नाहीं. सकाळीं दोन फवारे, रात्रीं दोन फवारे, मग चूळ, हेंही तितकेंच साधें काम आहे. असल्या साध्या कामांत नेम राखणें हाच या रोगावरचा विजय होय. आणि तो मिळविणाऱ्यास आडकाठी न करणें, एवढें तरी आपणां सर्वांस साधावें, अशी आमची विनंति आहे.